गोधडीच्या पोटातले अठरा दिवस

मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मी बाटलीचं टोपण नाही. बाहुलीची टोपीही नाही आणि देवाची घंटा तर मुळीच नाही. लहान मुलं मला हातात घेतात, उलटंसुलटं करतात आणि यातलं काहीतरी ठरवून मोकळी होतात. मोठी माणसंही फार वेगळं काही करत नाहीत. म्हणून ओळख करून देतो. मी एक जुना अंगुस्ताना आहे. हाताने शिवताना मधल्या बोटावर जी लोखंडी टोपी घालतात ना, तोच मी. सुईचा मागचा टोचा बोटाने सोसायचा नाही, मी सोसायचा, असं माझं काम. अंगभर बारीक खळगे आहेत. ते देवीचे व्रण नव्हेत, सुई घसरू नये म्हणून मुद्दाम पाडलेले आहेत. एकदा सांगितलं, पुन्हा सांगणार नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. आठवतं ते रविवार पेठेतलं एक चिंचोळं दुकान. बटणं, हूक, नाड्या, रिळं आणि आम्ही बारा अंगुस्ताने एका पुठ्ठ्यावर. एके दिवशी टपाल खात्यातला एक तरुण कारकून आला. बायकोने त्याला पांढरं रीळ आणायला धाडलं होतं. रीळ राहिलं बाजूला, त्याने मलाच उचललं. दुकानदाराने विचारलं, "माप काय?" त्यावर या पठ्ठ्याने खिशातून एक अंगठी काढली. बायकोची अंगठी तिला न विचारता घेऊन आला होता! ती माझ्याशी ताडून बघितली आणि मला घरी आणलं. ते बाबुराव. आणि ज्यांचं बोट रोज टोचून टोचून चाळणी झालं होतं त्या प्रेमलाबाई.

रीळ आणलं नाही म्हणून बाबुरावांनी त्या दिवशी बोलणी खाल्ली. पण मला बोटावर चढवल्यावर प्रेमलाबाई रीळ विसरल्या. मी असा काही बसलो की त्या बोटासाठीच मला ओतला असावा. त्याला आता चाळीसच्या वर वर्षं झाली. बाबुराव निवृत्त झाले, दोघं वारज्याला तिसऱ्या मजल्यावर राहायला आली, माझा मुलामा उडाला, पण बोट तेच.

माझं घर म्हणजे बिस्किटांचा एक निळा पत्र्याचा डबा. त्यात आम्ही सगळे राहतो. मोठी कात्री, तिचा तोरा विचारू नका. कागदाला लावली तर दिवसभर रुसून बसते. मोजपट्टीची टेप, शिंप्याचा खडू, टाचण्यांची उशी. आणि उसवणी. उसवणी म्हणजे दोन टोकांची छोटी आकडी, चुकलेला टाका अलगद उचलून कापणारी. प्रेमलाबाईंच्या हातात ती फार शोभायची, कारण त्यांना वाकडा टाका बघवतच नसे. शेजारणींनी शिवलेलं सुद्धा हातात घेऊन म्हणायच्या, "छान आहे हो. कुणी शिवलं, डोळे मिटून?"

डब्याच्या अगदी तळाशी एक पांढरा रुमाल घडी करून ठेवलेला होता. त्याची गोष्ट मला ठाऊक आहे आणि ती सांगताना मला आजही लाज वाटते. प्रेमलाबाईंची नात मैत्री दहा वर्षांची असताना नागपूरहून सुट्टीला आली होती. तिने चार दिवस खपून त्या रुमालाला कडेने धावदोरा घातला आणि घरात पाहुणे बसलेले असताना आजीला नेऊन दाखवला. प्रेमलाबाईंनी चष्मा सावरला. "हे टाके आहेत की मुंग्यांची रांग वाट चुकलीय?" म्हणाल्या आणि सगळ्यांसमोर उसवणीने तो सबंध दोरा काढून टाकला. नीट शिकवावं हाच हेतू. पण पाहुणे हसले. पोरीने रुमाल तिथेच टाकला आणि पुन्हा म्हणून सुई हातात घेतली नाही. मी त्या वेळी त्याच बोटावर होतो. बोलता येत असतं तर बोललो असतो.

ती मैत्री पुढे शिकायला पुण्यात आजीकडेच राहिली, परिचारिका झाली आणि या वर्षी तिला जर्मनीतल्या एका इस्पितळात नोकरी लागली. झालं! प्रेमलाबाईंनी जाहीर केलं, "पोरगी बर्फाच्या देशात चाललीय. गोधडी घेतल्याशिवाय जायची नाही."

"आजी, तिथे हीटर असतात गं."

"हीटर पांघरता येतो का?"

विषय संपला.

गोधडीसाठी कपडे निघाले. बाबुरावांचा खाकी शर्ट, मैत्रीचा शाळेचा फ्रॉक, तिच्या आईचा कॉलेजातला पंजाबी ड्रेस. बाबुरावांच्या आईने धम्मदीक्षेच्या दिवशी नेसलेलं पांढरं लुगडंही कपाटातून बाहेर आलं. ते हातात घेऊन प्रेमलाबाई म्हणाल्या, "हे अगदी खालच्या थरात. पोरीच्या अंगाशी राहील." सगळ्यांत वर त्यांचं लाडकं निळं इरकल. ते त्या फक्त चौदा एप्रिलला नेसत.

या घरात गोधडी शिवण्याची एक रीत आहे. थर रचून झाले की अगदी मधोमध मूठभर धान्य ठेवतात, त्यावर हातरुमालाएवढं कापड टाचतात आणि मग वरची साडी अंथरतात. गोधडीचं पोट उपाशी नसावं म्हणून. सासूबाई भाकरीचा घास ठेवायच्या. त्याला मुंग्या लागल्या म्हणून प्रेमलाबाई ज्वारी ठेवू लागल्या, तीही मोजून एक अंगुस्तानाभर. म्हणजे ज्वारी मोजायचं मापसुद्धा मीच! बाबुराव दरवेळी कुरकुरायचे.

"गोधडीला पोट असतं, हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय?"

"तुमच्या पोटाबद्दल तरी कुठे लिहिलंय? तरी दोन वेळा भरतेच ना मी?"

चार तारखेला सकाळी फरशीवर थर अंथरले गेले. मदतीला शेजारच्या मालनबाई आल्या होत्या. या मूळच्या मांजरी गावच्या, मनाने सोन्यासारख्या, पण हात रिकामा ठेवतील तर शपथ. प्रेमलाबाईंनी मला ज्वारीने काठोकाठ भरलं, मधोमध उभं ठेवलं आणि आता उपडं करणार, एवढ्यात फोन वाजला. मैत्री बाहेरून बोलत होती. कागदपत्रं झाली होती, तिकीट आलं होतं. दोन महिन्यांनी जायचं ठरलं होतं ते आता याच महिन्याच्या अठ्ठावीसला!

प्रेमलाबाई फोन घेऊन गॅलरीत गेल्या. इकडे मालनबाईंना वाटलं, तेवढंच काम पुढे ढकलू. चष्मा घरी विसरलेला. त्यांनी ज्वारीचा ढीग समजून माझ्यावर कापड टाकलं. मी आडवा झालो, ज्वारी सांडली. मी मनातल्या मनात ओरडलो, "अहो बाई, मी आहे!" पण त्यांनी भराभर चारी बाजूंनी टाके घातले, वर इरकल अंथरलं आणि कडासुद्धा टाचून टाकल्या.

प्रेमलाबाई डोळे पुसत आत आल्या. "ज्वारी ठेवलीत ना?"

"ठिवली की!" मालनबाई म्हणाल्या. खोटं काहीच नव्हतं त्यात.

आणि मित्रांनो, मी गोधडीच्या पोटात गेलो.

दुसऱ्या दिवशी घरात हलकल्लोळ माजला. अंगुस्ताना कुठाय? डबा पालथा झाला, गाद्या उचलल्या, बाबुरावांचे खिसे तपासले. सगळ्यांत मोठ्याने शोधत होत्या मालनबाई. "मी तर हात बी लावला न्हाई! जिन्यातल्या त्या मांजराचंच काम हाय ते." मैत्रीने लोहचुंबक आणून घरभर फिरवलं. त्याला नऊ टाचण्या, दोन हूक आणि बाबुरावांनी वर्षभरापूर्वी हरवलेली कपाटाची किल्ली लागली. सगळीकडे फिरवलं, फक्त गोधडीवर नाही! गोधडी घडी करताना माझा उंचवटा प्रेमलाबाईंच्या हाताला लागलासुद्धा. त्यांनी तो थोपटला आणि म्हणाल्या, "ज्वारी बसलीय छान."

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात, दुसरा अंगुस्ताना आणायचा. सांगतो. प्रेमलाबाईंना मधुमेह आहे. बोटाला टोचलं की त्यांची जखम लवकर भरत नाही. गोधडीची सुई जाड, सात थर पार करायचे, मागून जोर लावावाच लागतो. शिवाय त्यांचं ते मधलं बोट पेरापाशी वाकलेलं आहे. चाळीस वर्षांत मी त्याच्यासारखा वाकलो आणि ते माझ्यासारखं. तिथे दुसरा कोण बसणार?

पण मैत्री हरणारी नव्हती. तिने फोनवरून सामान मागवायचा सपाटा लावला. दर दोन दिवसांनी खोकी यायची आणि आत बसून मला सगळं ऐकू यायचं.

प्लॅस्टिकचा अंगुस्ताना आला. "हा सुईला भितो गं," असा शेरा. रबराचा आला. "यात बोट घामाघूम होतं." चामड्याचा आला. "हा अजून बैल आहे, वळत नाही." पट्टीसारखा, मागेपुढे करून माप बसवायचा आला, तो पहिल्याच टाक्याला उडून बाबुरावांच्या चहात पडला. गळ्यात अडकवायचा दिवा आला. तो घालून प्रेमलाबाई म्हणाल्या, "मी खाणीत उतरतेय की गोधडी शिवतेय?" खरं सांगू? मला आतल्या आत गुदगुल्या होत होत्या. माझी जागा कुणाला मिळाली नाही म्हणून मी खुशीत होतो. एकच वस्तू त्यांना आवडली, सुईत दोरा ओवून देणारं तारेचं इवलंसं यंत्र. "हे मात्र कामाचं आहे," असं त्या म्हणाल्या आणि मला जरा झोंबलं.

पण माझी खुशी फार टिकली नाही. आमच्याकडे गोधडी कडेने शिवायला घेतात. चारी बाजूंनी एक फेरा, मग बोटभर आत दुसरा, मग तिसरा, असं करत मधोमध यायचं. मधे मी! रोज सुईचा आवाज थोडा जवळ यायचा. खुप्, सर्र्. खुप्, सर्र्. प्रेमलाबाईंचे टाके मी झोपेतही ओळखेन, तांदळाच्या दाण्यासारखे सारखे. तर दहा-अकरा तारखेपासून त्या आवाजात मधेच "स्स्" असा आवाज येऊ लागला. बोटाला टोचत होतं. त्या कुणाला सांगत नव्हत्या. चिंधी बांधून शिवत होत्या.

चौदा तारखेला बोट सुजून लाल झालेलं मैत्रीने पाहिलं. परिचारिकाच ती, हात धरून दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाई तनुजाताईंनी जखम बघितली आणि एवढंच बोलल्या, "आजी, सुई आता बंद. बोट हवंय की गोधडी?"

घरी येऊन प्रेमलाबाई गोधडीपाशी बसल्या आणि ढसाढसा रडल्या. अर्धी गोधडी बाकी आणि दिवस चौदा. त्या म्हणाल्या, "आयुष्यात एक काम अर्धं टाकलं नाही मी. आणि नेमकं हिचंच राहिलं." त्यांचे अश्रू वरच्या साडीतून झिरपले की नाही कोण जाणे, पण मला मात्र अंगभर ओल जाणवली. अहो, त्या बोटाला टोचू नये एवढ्यासाठी तर माझा जन्म! आणि मी दोन हातांवर ज्वारीत लोळत पडलेला. याच्याइतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.

तेवढ्यात मैत्रीचा आवाज आला, "आजी, मी शिवते."

"तू?"

"हो. रबराचा अंगुस्ताना चालेल मला. तू फक्त समोर बसू नकोस."

प्रेमलाबाई उठून स्वयंपाकघरात गेल्या. मला ठाऊक होतं दोघींनाही काय आठवलं ते.

पोरीने शिवायला सुरुवात केली. अरे देवा, काय ते टाके! एक लांब, दोन आखूड, एक भलतीकडेच. फेरा सरळ जायचा सोडून ओढ्यासारखा वळणं घेत चाललेला. पण चालला होता. कामावरून यायची, हात धुवायची आणि बसायची. बाबुराव तिला सुया ओवून द्यायचे. मालनबाई रोज येऊन "लई ब्येस चाललंय" म्हणायच्या, चष्मा न लावता. आणि प्रेमलाबाई दारात उभ्या राहून बघायच्या, तोंडातून शब्द काढायच्या नाहीत. ज्यांना वाकडा टाका बघवत नाही त्यांनी आठ दिवस हजारो वाकडे टाके बघितले, हे लक्षात घ्या.

बावीस तारखेला रविवार होता. दुपारी मैत्रीची सुई अगदी जवळ आली. खुप्, सर्र्. खुप्, सर्र्. आणि मग टक्!

सुई माझ्या अंगावर आदळली. मित्रांनो, इतकी वर्षं सुया अंगावर घेतल्या, पण इतका आनंद कधी झाला नव्हता.

"आजी, इथे काहीतरी टणक आहे."

"ज्वारी असेल."

टक्, टक्.

स्वयंपाकघरातून प्रेमलाबाई पिठाच्या हातांनी धावत आल्या. "ज्वारी अशी वाजत नाही!" त्यांनी गोधडीवरून मला चाचपलं आणि ओळखलं. मालनबाईंनी कपाळावर हात मारला. "आगं बया! म्हंजी म्याच..." बाबुराव तेवढे हसत सुटले. "म्हणून गोधडीचं पोट दुखत होतं होय!"

हसून झालं, आणि मग खरा पेच पडला. मला काढायचं कसं? गोधडी शिवणाऱ्या बायकांचा नियम असतो, वरच्या साडीला कात्री लावायची नाही. चूक झाली तर कडेपासून मधापर्यंत एक वाट उसवायची. म्हणजे त्या वाटेवरचा प्रत्येक फेरा तोडायचा. प्रेमलाबाईंनी निळा डबा पुढे ओढला. उसवणी वरच होती. ती त्यांनी उचलली, आणि मैत्रीचा चेहरा उतरला.

"उसव आजी," ती हळूच म्हणाली. "नाहीतरी माझे फेरे वाकडेच आहेत. तूच नंतर नीट घाल."

प्रेमलाबाईंनी उसवणी बाजूला ठेवली आणि मोठी कात्री घेतली. बाबुराव चमकून म्हणाले, "अहो, ते इरकल आहे!"

"दिसतंय मला."

आणि त्यांनी त्या निळ्या साडीवर मधोमध चार बोटं चीर दिली. अठरा दिवसांनी माझ्यावर उजेड पडला. त्यांनी मला उचललं, पदराने पुसलं. पण बोटावर नाही चढवलं. डब्याच्या तळाशी हात घातला आणि तो रुमाल काढला. कडेने सुईची जुनी भोकं तशीच होती. मैत्रीने तो लगेच ओळखला.

"तू ठेवलास अजून?"

"टाकवला नाही. तेव्हा चुकलंच माझं, मैत्री. टाके नीट करायला गेले आणि पोरीचा हातच थांबवला." प्रेमलाबाईंनी रुमाल चिरेवर पसरला. "आता या चिरेवर ठिगळ याचंच लावायचं. आणि तुझा एकही टाका कुणी उसवायचा नाही. मी म्हटलं तरी नाही."

मैत्री आजीच्या गळ्यात पडली. पिठाचे पंजे तिच्या पाठीवर उमटले, पण त्याचं कुणाला काय! मालनबाई तर दोघींपेक्षा जास्त रडल्या.

मग प्रेमलाबाईंनी मला मैत्रीच्या बोटावर चढवलं. मी सैल झालो, म्हणून आत फडक्याची चिंधी घातली. त्या बोटाला काही वळण नव्हतं, जोर कुठे लावायचा ते कळत नव्हतं. मी सांभाळून घेतलं. ज्वारी नीट गोळा करून झाकली, चिरेवर रुमालाचं ठिगळ बसलं आणि शेवटचे फेरे आम्ही दोघांनी पुरे केले. आजी बसली होती, या वेळी अगदी समोर.

सत्तावीस तारखेला प्रेमलाबाईंनी मला गुपचूप मैत्रीच्या सामानात ठेवलं. अठ्ठावीसला मैत्री गेल्यावर त्यांनी डबा उघडला, तर मी डब्यात! सोबत चिठ्ठी होती. "आजी, तुझ्या बोटाला दुसरा कुणी बसत नाही, बघितलंय आपण. बोट बरं झालं की घाल. तनुजाताईंना विचारलंय मी."

आता बोट बरं झालंय आणि मी पुन्हा माझ्या जागेवर आहे. परवा मैत्रीचा व्हिडिओ कॉल आला. तिथे बर्फ पडत होता आणि ही बया गोधडी गुंडाळून बसली होती. मालनबाईंच्या नातवासाठी आम्ही नवी गोधडी शिवायला घेतली आहे. ज्वारी ठेवली की प्रेमलाबाई बोट वर करून मला सगळ्या घराला दाखवतात. "बघा, बाहेर आहे. नंतर तक्रार चालणार नाही." बाबुराव मान डोलावून साक्ष देतात. मालनबाईंना चष्मा लावल्याशिवाय घरात घेत नाहीत.

मित्रांनो, तुमच्याही घरात असा एखादा डबा असेल. तो कधीतरी उघडा. कापडाच्या कात्रीने कागद कापू नका, सुई टोचून तशीच गादीत ठेवू नका, आणि मला बाटलीवर लावून बघू नका. आम्हाला तेल नको, पूजा नको, बोट हवं. आणि एक विनंती उसवणीच्या वतीने. ती बिचारी स्वतः बोलत नाही. घरात कुणी पहिल्यांदा सुई हातात घेतली आणि टाका वाकडा पडला, तर तिला लगेच डब्यातून काढू नका. मैत्रीच्या गोधडीवर आजीचे फेरे बाहेर आहेत, सरळ आणि देखणे. पण थंडी वाजली की ती पोरगी मधला भाग छातीशी ओढून घेते, आणि तिथले सगळे टाके वाकडे आहेत.